बागेच्या बदल्यात जमीन: समुद्राकाठच्या सरकारी जागांची अदलाबदल चालते कशी

६०० एकर द्या, ३,०६६ एकर घ्या. पाचपट जमीन मिळतेय म्हटल्यावर नको कोण म्हणेल? अमेरिकेत फ्लोरिडाच्या सरकारपुढे मे २०२५ मध्ये अगदी हाच प्रस्ताव आला होता आणि लोकांनी इतका गोंधळ घातला की मीटिंग व्हायच्या आधीच अर्जदार कंपनीने अर्ज मागे घेतला. पाचपट मिळत असताना लोक भडकले का, हे एकदा नीट समजलं ना, की मुंबईत कुणी 'अहो बाग जाते कुठे, दुसरीकडे मिळणारच आहे' असं म्हणालं तर त्याला पुढचे चार प्रश्न काय विचारायचे ते आपोआप सुचतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी साधी गोष्ट. अदलाबदल म्हणजे सरकारकडची (किंवा महापालिकेची) जमीन खासगी पार्टीला द्यायची आणि त्यांच्याकडची दुसरी जमीन घ्यायची, पैसे शक्यतो मधे येत नाहीत. आता सरकारी जमीन सरळ विकायची म्हटली तर टेंडर काढा, लिलाव करा, जास्तीत जास्त बोली कुणाची ते बघा, पुढे ऑडिटवाले प्रश्न विचारणार ते वेगळंच. अदलाबदलीत समोर एकच पार्टी असते, तिला एकच ठराविक तुकडा हवा असतो आणि बोली लागतच नाही, त्यामुळे त्या तुकड्याला बाजारात खरा भाव काय आला असता हे कळायचा रस्ताच बंद होतो आणि सगळी भिस्त मूल्यांकन करणाऱ्या माणसाच्या रिपोर्टवर येऊन पडते. त्या रिपोर्टकडे परत येऊच.

सगळ्या अदलाबदली वाईट असतात असं मात्र अजिबात नाही, हे आधीच सांगून टाकतो नाहीतर कमेंटमध्ये मारामारी. युटामध्ये १९९६ साली एक भलामोठा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि त्याच्या पोटात राज्य सरकारच्या शाळांसाठी राखलेल्या जमिनीचे चौकोनी तुकडे इकडे तिकडे अडकून बसले, ना शाळांना उत्पन्न ना स्मारकाला सलगता. १९९८ मध्ये कायदा करून राज्याने साधारण ३ लाख ७६ हजार एकर केंद्राला दिले, बदल्यात १ लाख ३९ हजार एकर दुसरीकडे आणि वर ५ कोटी डॉलर घेतले. दोघांचंही भलं. अशी गुंतलेली हद्द सोडवायला अदलाबदल हे एकदम चांगलं हत्यार आहे, घोळ तेव्हा होतो जेव्हा हद्द गुंतलेली नसते आणि कुणाला तरी फक्त समुद्राकडचा तुकडा हवा असतो.

फ्लोरिडाची केस नेमकी तशी होती. गुआना नदीकाठचं ते राखीव क्षेत्र एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला आतली खाडी यांच्या मधे आहे, सरकारने १९८४ साली पैसे मोजून विकत घेतलेलं, पक्षी आहेत, चालायच्या वाटा आहेत, परवाना काढून शिकार करणारे पण येतात. आजूबाजूची वस्ती पैसेवाल्यांची आणि महागडी, त्यामुळे ते ६०० एकर कुणाला का हवे होते यावर वेगळा निबंध लिहायची गरज नाही. बदल्यात मिळणारे ३,०६६ एकर वेगवेगळ्या काउंटींमध्ये (म्हणजे तिथले जिल्हे) विखुरलेले, अर्ज करणाऱ्या कंपनीच्या मागे खरं कोण आहे ते लोकांना कळत नव्हतं, आणि प्रस्ताव लोकांच्या नजरेला पडला तो मीटिंगच्या जेमतेम आठवडाभर आधी. आता मला सांगा, दादरचं वन रूम किचन देऊन बदलापूरला थ्री बीएचके घेतलं तर चौरस फूट वाढले हे खरंच आहे, पण रोज सकाळी ऑफिसला जायचं असेल तर त्या वाढीव हॉलचं करायचं काय?

म्हणून एकर मोजून काहीच सिद्ध होत नाही. समुद्राकाठची जमीन तर त्याहून वेगळी, कारण ती नव्याने तयार होत नाही (भराव टाकून होते म्हणा, तो विषय पुढे येतोच) आणि तिची किंमत तिच्या जागेत असते. वाळूत अंडी घालणाऱ्या कासवाला दोनशे किलोमीटर आत दहापट जमीन दिली तरी उपयोग शून्य.

टेक्सासमध्येही असंच झालं, फक्त पार्टी जगप्रसिद्ध होती. बोका चिका बीचजवळ स्पेसएक्सचं रॉकेट सोडायचं केंद्र आहे आणि त्याच्या आजूबाजूला राज्याच्या पार्कचे छोटे छोटे तुकडे आहेत. मार्च २०२४ मध्ये तिथल्या पार्क आयोगाने यातले ४३ एकर कंपनीला देऊन लागुना अटास्कोसा अभयारण्याजवळचे ४७७ एकर घ्यायला मंजुरी दिली, म्हणजे अकरापट! आयोगाच्या बाजूने पण मुद्दा होता, तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही, हे तुकडे विखुरलेले आणि रॉकेटच्या शेजारी अडकलेले, उलट ४७७ एकर सलग. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की रॉकेट उडायचं असलं की आधीच रस्ता आणि बीच बंद होतो, त्यात आता पार्कही कंपनीचाच झाला तर आम्ही जायचं कुठे. शेवटी त्याच वर्षी कंपनीनेच माघार घेतली आणि व्यवहार बारगळला. मला स्वतःला ही केस गुआनापेक्षा अवघड वाटते, कारण इथे दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

अमेरिकेत यासाठी एक चांगला नियम आहे आणि तो आपल्याकडे कुणीतरी जसाच्या तसा उचलावा असं मला फार वाटतं. १९६५ च्या एका कायद्याने केंद्राचा निधी पार्कांना मिळतो, आणि ज्या पार्कला तो पैसा एकदा लागला तो पार्क दुसऱ्या कामाला वळवायचा असेल तर केंद्राची परवानगी लागते आणि बदली जमीन द्यावी लागते. ही बदली जमीन किमान तेवढ्याच बाजारभावाची पाहिजे, शिवाय उपयोग आणि ठिकाण या दोन्ही बाबतीत बऱ्यापैकी तोडीस तोड पाहिजे. म्हणजे तीन चाळण्या: भाव, उपयोग, ठिकाण. गंमत बघा, यात क्षेत्रफळ कुठेच नाही, आणि पेपरात हेडलाइन कायम क्षेत्रफळाचीच असते. फ्लोरिडाच्या राज्यघटनेत आणखी एक कुलूप आहे, संवर्धनासाठी घेतलेली जमीन सोडायची असेल तर ती आता संवर्धनासाठी लागत नाही असं संबंधित मंडळाने दोनतृतीयांश मतांनी ठरवावं लागतं.

आता तो मूल्यांकनाचा रिपोर्ट. खरा खेळ इथेच असतो म्हणून इथे जरा थांबून बघू.

समजा (निव्वळ उदाहरण हं, अशी कुठली केस माझ्या डोळ्यासमोर नाही) वरळीत समुद्राकडे तोंड करून बरोब्बर १ एकर सार्वजनिक बाग आहे, म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) तिच्यावर बागेचं आरक्षण आहे, बांधकाम जवळपास शून्य. मूल्यांकन करणारा म्हणाला की इथे काही बांधताच येत नाही मग भाव कसला, तर रिपोर्टात आकडा किरकोळ येणार. पण अदलाबदल झाली आणि मागून आरक्षण उठलं की तोच प्लॉट निवासी झाला. शहर भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.३३, म्हणजे नुसत्या त्याच्यावर ५,३८० चौरस मीटरच्या आसपास बांधकाम, मग त्यावर प्रीमियम भरून मिळणारा, मग टीडीआर (दुसरीकडची जागा सोडल्याबद्दल मिळालेला बांधकामाचा हक्क), मग फंजिबल (वरून मिळणारा जादा एफएसआय) ३५ टक्क्यांपर्यंत, आणि हे सगळं सी-व्ह्यू. जमीन तीच, माती तीच, एक गोणी सिमेंट पडलेलं नाही, फक्त कागदावरचा शिक्का बदलला आणि किंमत कुठल्या कुठे गेली. हा फरक कुणाच्या खिशात जातो हा अख्ख्या विषयाचा गाभा आहे, बाकी एकर-बिकर सगळं सजावट.

यावरचा उपाय अमेरिकेच्या केंद्रीय नियमात सरळ लिहून ठेवलाय. सरकारी जमिनीचं मूल्यांकन करताना ती खासगी मालकीची असती आणि खुल्या बाजारात विकायला असती तर काय भाव आला असता तो धरायचा, म्हणजे 'पार्क आहे म्हणून स्वस्त' ही पळवाट बंद. दोन्ही बाजूंचे भाव जुळले नाहीत तर फरक रोखीने भरायचा, पण तो फरक सरकारी जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, ही तरतूद १९७६ च्या कायद्यात आहे. आणि तरीही! एवढे नियम असून २००० साली तिथल्या संसदेच्या ऑडिट कार्यालयाने रिपोर्ट दिला की जमिनीचे भाव नीट लागलेत का आणि व्यवहार लोकांच्या हिताचा आहे का हे अदलाबदली करणाऱ्या जमीन आणि वन या दोन्ही खात्यांनी धड बघितलेलं नाही. म्हणजे नियम चांगला असणं ही सुरुवात झाली, बस.

दुसरी बाजू पण तपासायची असते, म्हणजे आपल्याला मिळणारी जमीन, आणि इथे भले भले फसतात. समोरची पार्टी खाडीकाठची दहा एकर जमीन द्यायला तयार आहे, वा वा, पण ती कांदळवन असेल तर? हायकोर्टाने २००५ पासून राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आहे, २०१८ च्या निकालाने ती आणखी पक्की केली, सीआरझेडमध्ये (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम) ती पहिल्या वर्गात येते आणि मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा असतो. मालकाला तिथे संडासही बांधता येत नव्हता. अशी जमीन पालिकेने घेतली तर लोकांना नवीन काय मिळालं, जी जमीन कायद्याने आधीच वाचलेली होती तीच परत वाचवल्याचा आव आणला आणि बदल्यात खरीखुरी बाग गेली. म्हणून प्रश्न असा विचारायचा: हा व्यवहार झाला नाही तर त्या दुसऱ्या जमिनीचं काय होणार होतं? उत्तर 'काहीच नाही' असेल तर तिचं वजन शून्य धरा.

आता घरी येऊ. मुंबईत 'अदलाबदल' असं बोर्डावर लिहून कुणी करत नाही, इथे त्याची नावं वेगळी. कधी डीपीतलं आरक्षण एका प्लॉटवरून दुसऱ्यावर सरकवतात, कधी मालकाला बागेची जागा सोडल्याबद्दल टीडीआर मिळतो, कधी आरक्षित प्लॉटवर मालकानेच बांधायचं आणि ठरलेला हिस्सा पालिकेला द्यायचा, कधी लीज संपलेल्या जागेवर नवा करार करून थोडं तुम्हाला थोडं आम्हाला. महालक्ष्मी रेसकोर्स हे शेवटच्या प्रकारचं सगळ्यात मोठं उदाहरण. २११ एकर, लीज २०१३ मध्येच संपलेली, आणि २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर सार्वजनिक पार्कसाठी पालिकेकडे आणि ९१ एकर पुन्हा क्लबला भाड्याने. काही लोक म्हणाले १२० मिळाले हे काय कमी आहे, काही म्हणाले लीज संपली तर २११ च्या २११ आपलेच होते, मग ९१ दिले असं का नाही म्हणायचं. मी दुसऱ्या गटात आहे, पण घोड्यांची शर्यत मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे असं मानणारे मित्र आहेत त्यांचंही ऐकून घेतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे, मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक नाहीत, जमिनीचे विषय जिथे चघळले जातात ती सुधार समिती नाही, म्हणजे एवढ्या मोठ्या जागेचा निर्णय झाला तेव्हा ज्याला वॉर्डात गाठून जाब विचारावा असा माणूसच खुर्चीत नव्हता.

रेसकोर्सच्या पलीकडे कोस्टल रोड. तिथे उलटा प्रकार झालाय, समुद्रात भराव टाकून नवीन जमीन तयार केली, जवळपास १११ हेक्टर, त्यातली सुमारे ७० हेक्टर बागा आणि मोकळ्या जागांसाठी. एका अर्थाने ही पण अदलाबदलच की, खडकाळ किनारा आणि त्यावरची मासेमारी गेली, रस्ता आणि बाग आली. वरळीच्या कोळ्यांना विचारा, त्यांनी पुलाच्या खांबांमधलं अंतर वाढवून घेण्यासाठी समुद्रात बोटी आणून काम अडवलं होतं आणि अंतर वाढवून घेतलं पण. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये काम सुरू करू दिलं, पण भरावाच्या जागेवर निवासी किंवा व्यावसायिक वापर करायचा नाही ही अट पुढच्या आदेशात घातली. ही अट लक्षात ठेवा, कारण २० वर्षांनी कुणीतरी 'थोडीशी जागा देऊन त्याच्या बदल्यात' असं सुरू करणार यावर मी वडापावची पैज लावायला तयार आहे.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर यातलं मूळ तत्त्व कुठून आलं ते थोडक्यात. १८६९ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने शिकागोच्या तळ्याकाठची, म्हणजे पाण्याखालची हजारभर एकर जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली, १८७३ मध्ये चूक कळली आणि कायदा रद्द केला, कंपनी भांडत राहिली आणि १८९२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अशी जमीन सरकार लोकांच्या वतीने सांभाळतं, ती अशी एकगठ्ठा कुणाच्या ताब्यात देऊन हात झटकता येणार नाहीत. आपल्या सुप्रीम कोर्टाने हाच धागा पकडून बियास नदीकाठी एका मोटेलला दिलेली जमीन परत घ्यायला लावली, तो कमलनाथ खटल्याचा निकाल, डिसेंबर १९९६ चा. त्याच्याही आधी १९९१ मध्ये बंगळुरूत एका लेआउटमधली पार्कची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले, आणि हॉस्पिटल चांगलंच काम आहे हो, पण पार्क म्हणून ठेवलेली जागा कुणाच्या मर्जीने फिरवता येत नाही, असं कोर्टाने ठणकावलं. बागेच्या बदल्यात दिलेलं काम कितीही चांगलं असलं तरी प्रश्न संपत नाही, हे या निकालातून घ्यायचं.

आणि हे सगळं करण्याआधी जमीन नक्की कुणाची ते बघायचं, हसू नका, मुंबईत हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मेट्रो ३ ची कारशेड आरेतून कांजूरमार्गला न्यायची ठरली तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये १०२ एकर जमीन एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) दिली, केंद्राने म्हटलं ही मिठागराची जमीन आमची, डिसेंबरमध्ये हायकोर्टाची स्थगिती आली आणि २०२२ मध्ये शेड परत आरेत. जागा बदलायची म्हणून बदलली आणि दोन वर्षं गेली.

तर तुमच्या जवळच्या बागेबद्दल काही कानावर आलं तर काय करायचं. आधी प्लॉटचा नंबर शोधा, शहरात सीएस नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर. त्यावरून मालमत्ता पत्रक काढा, ऑनलाइन मिळतं, आणि त्यात धारक कोण आणि सत्ता प्रकार काय हे दोन रकाने आधी बघा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. मग पालिकेच्या साइटवर त्याच नंबरचा डीपी रिमार्क काढा, त्यात आरक्षण काय आहे ते कळतं. समुद्र किंवा खाडीजवळ असेल तर सीआरझेडच्या नकाशात प्लॉट कुठल्या वर्गात आहे ते बघा, आणि देऊ केलेल्या दुसऱ्या प्लॉटचंही हे सगळं तसंच्या तसं करा, लोक इथेच कंटाळा करतात.

आरक्षण बदलायचं असेल तर एमआरटीपी कायद्याच्या (राज्याचा नगररचना कायदा) कलम ३७ खाली नोटीस निघते, राजपत्रात आणि पेपरात, आणि हरकती-सूचनांना मुदत साधारण एक महिना. पेपरातल्या त्या बारीक अक्षरांच्या जाहिराती कुणी वाचत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या वाचायचं काम एखाद्या रिटायर्ड काकांना द्या, ते खूश होतील आणि कामही होईल. हरकत लिहिताना 'आम्हाला बाग हवी' एवढंच लिहिलं तर ती ढिगात जाते, त्यापेक्षा दोन्ही प्लॉटचे नंबर, दोन्हीकडचा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर, आरक्षण उठल्यावर पहिल्या प्लॉटचा भाव काय धरला आहे, मूल्यांकन कुणी केलं आणि त्याची फी कुणी दिली, आणि आत्ता बागेत येणारी माणसं नव्या जागेपर्यंत चालत पोचतील का, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. अर्ज हातोहात देणार असाल तर दुसऱ्या कॉपीवर तारखेसह पोच घ्या, इनवर्ड नंबर स्पष्ट दिसतोय ना ते काउंटरवरच बघा, कारण सुनावणीच्या दिवशी 'तुमचं पत्र मिळालंच नाही' म्हणाले तर तो नंबर दाखवता आला पाहिजे.